किमान वेतनाच्या फरकाचा अर्ज आणि पत्त्यापायी गेलेले आठ महिने

किमान वेतनातील फरकाची रक्कम मिळवायला मला सतरा महिने लागले. ऑगस्ट २०२२ मध्ये मी पहिली तक्रार दिली आणि जानेवारी २०२४ मध्ये डिमांड ड्राफ्ट हातात पडला. या सतरा महिन्यांपैकी आठ महिने अर्जातल्या एका रकान्यापायी गेले, आणि त्या रकान्यात ना कायद्याचा प्रश्न होता ना हिशोबाचा. गैरअर्जदाराचे, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्या मालकाचे, नाव आणि पत्ता, इतकेच तिथे लिहायचे होते. ते आठ महिने वाचू शकले असते, याची चीड अजून मनातून गेलेली नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

विजेच्या सामानाच्या एका घाऊक दुकानात मी सप्टेंबर २०२० पासून जून २०२२ पर्यंत, म्हणजे बावीस महिने नोकरीला होतो. आलेला माल बिलाशी ताडून घेणे, त्याची संगणकात नोंद करणे आणि मागणीप्रमाणे गोदामातून माल काढून देणे हे माझे काम होते. दरमहा ९,००० रुपये बँकेत जमा होत आणि तोच आपला पगार, अशी माझी समजूत होती. नोकरी सोडण्याच्या सुमारास एका मित्राने राज्याच्या कामगार विभागाचे किमान वेतनाचे दरपत्रक दाखवले, तेव्हा दर महिन्याला साधारण अडीच हजार रुपये मला कमी मिळत होते हे कळले.

हे दरपत्रक नीट वाचायला शिकणे फार गरजेचे आहे. महाराष्ट्रात किमान वेतन म्हणजे मूळ दर अधिक विशेष भत्ता. मूळ दर परिमंडळाप्रमाणे, म्हणजे दुकान कोणत्या भागात आहे त्याप्रमाणे, आणि कामगार कुशल, अर्धकुशल की अकुशल आहे त्याप्रमाणे ठरतो, तर विशेष भत्ता महागाईच्या निर्देशांकानुसार दर सहा महिन्यांनी, जानेवारीपासून आणि जुलैपासून, बदलतो. त्यामुळे आजचा दर घेऊन त्याला महिन्यांच्या संख्येने गुणले, तर आकडा हमखास चुकतो. मी प्रत्येक सहामाहीचे दरपत्रक वेगळे मिळवले, महिना, देय वेतन, मिळालेले वेतन आणि फरक असे रकाने आखले आणि त्यासोबत बँकेचा खातेउतारा लावला. एकूण फरक ५८,३४० रुपये निघाला. या तक्त्यावर शेवटपर्यंत कोणीही बोट ठेवू शकले नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो.

तक्रार दिली, सरकारी कामगार अधिकारी दुकानात जाऊन आले, त्यांनी दोन्ही बाजूंना बैठकीला बोलावले. मालक आले नाहीत. त्यांनी पाठवलेल्या व्यवस्थापकाने ‘पगार आधीच ठरवून दिला होता, तेव्हा याने मान्य केला होता’ असे सांगितले आणि तो निघून गेला. त्यावर अधिकाऱ्यांनी मला तेव्हा लागू असलेल्या किमान वेतन अधिनियम, १९४८ च्या कलम २० खाली, असे दावे ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज करायला सांगितले. नोव्हेंबर २०२२ च्या तिसऱ्या आठवड्यात मी तो अर्ज स्वतःच लिहून दाखल केला. इथपर्यंत फारशी अडचण आली नाही.

पुढच्याच पायरीवर सगळे अडले. गैरअर्जदाराला नोटीस पोहोचल्याखेरीज सुनावणी सुरू होत नाही. मी अर्जात दुकानाच्या पाटीवरचे नाव आणि जिथे मी रोज काम केले त्या गोदामाचा पत्ता लिहिला होता. माझ्या दृष्टीने यापेक्षा खरा पत्ता असूच शकत नव्हता. जानेवारीच्या तारखेला गेलो, तर लिपिकाने फाइल उघडून न पोहोचता परत आलेला लिफाफा दाखवला. त्यावर पोस्टमनने ‘दार बंद’ असा शेरा मारलेला होता. गोदाम सकाळी माल उतरवून घेतल्यावर बंद करतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात, हे मला ठाऊक होते; पण टपाल नेमके त्या मधल्या वेळेत येते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. ‘योग्य पत्ता द्या’ असे सांगून मला पुढची तारीख देण्यात आली.

दुसऱ्या वेळी मी दुकानाचा पत्ता दिला. गाळा क्रमांक, इमारतीचे नाव, रस्ता, पिनकोड, सारे अचूक होते. लिफाफा पुन्हा परत आला. या वेळचा शेरा होता ‘या नावाची फर्म येथे नाही’. तो वाचून माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना, कारण ज्या नावाची फर्म तिथे नव्हती त्या नावाची दहा फुटी पाटी त्या दारावर होती. गल्ल्यावरच्या माणसाने पोस्टमनला तसे सांगितले आणि पोस्टमनने तसे लिहिले. मी लिपिकाला पाटीचा फोटो दाखवला. ते म्हणाले, ‘फोटो ठीक आहे, पण नोटीस लागलेली नाही. योग्य नाव-पत्ता द्या.’ पुन्हा दीड महिन्याने तारीख.

तिसऱ्या वेळी मी मालकांच्या नावाने नोटीस काढायला सांगितले. आम्ही सगळे त्यांना शेठ म्हणत असू आणि बाजारात ते एका छोट्या नावाने ओळखले जात. तेच नाव आणि आडनाव मी लिहिले. ‘असा इसम मिळून आला नाही’ या शेऱ्यासह तो लिफाफाही परत आला. ज्यांच्याकडे मी बावीस महिने राबलो, त्यांचे कागदोपत्री असलेले पूर्ण नाव मला माहीत नव्हते, हे त्या दिवशी समजले. तोपर्यंत जून उजाडला होता. प्रत्येक तारखेसाठी मी नव्या नोकरीतून बिनपगारी रजा घेत होतो आणि प्रत्येक वेळी पाच मिनिटांत बाहेर पडत होतो.

मला सर्वांत जास्त संताप याचा येतो की ‘योग्य’ म्हणजे काय, हे तिन्ही वेळा कोणीही सांगितले नाही. अर्जदाराने पाटीवरचे नाव लिहायचे नसते, आस्थापनेचे नोंदणीकृत नाव लिहायचे असते, आणि ते कुठे सापडते, ही दोन वाक्ये जानेवारीतच कोणी बोलले असते, तर माझा निम्मा त्रास वाचला असता. त्याहून वाईट बाब मला नंतर समजली. सरकारी कामगार अधिकारी ऑगस्टमध्ये दुकानात जाऊन आले होते, तेव्हा त्यांनी लिहिलेल्या भेटीच्या शेऱ्यात आस्थापनेचे खरे नाव आणि पत्ता दोन्ही होते. तो कागद त्याच कार्यालयात, माझी फाइल जिथे ठेवली होती तिथून चार टेबलांवर पडून होता. मी त्याची प्रत मागितली नाही, कारण असा कागद असतो हेच मला ठाऊक नव्हते. आणि तो काढून पाहावा, असे तिथे कोणालाही सुचले नाही. समोरचा माणूस कमी पगारामुळे इथे आला आहे आणि प्रत्येक खेपेला त्याचा एक दिवसाचा पगार बुडतो आहे, एवढा विचार टेबलापलीकडे बसणाऱ्याने करायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

सुटका झाली ती मोबाइलमधल्या एका जुन्या फोटोमुळे. नोकरीत असताना मालात तूट आली की बिलाचा फोटो काढून मी व्यवस्थापकाला पाठवत असे. त्यांपैकी एका बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक होता. हा क्रमांक पंधरा अंक-अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातील नोंदणी असेल तर त्याची सुरुवात २७ ने होते. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर करदाता शोधण्याची सोय आहे. तिला ना शुल्क लागते ना लॉगइन. क्रमांक टाकताच व्यवसायाचे कायदेशीर नाव, व्यापारी नाव, व्यवसायाचे स्वरूप आणि मुख्य ठिकाणाचा पत्ता समोर आला. पाटीवरचे नाव हे निव्वळ व्यापारी नाव होते. खरी फर्म भागीदारीची होती, तिचे नाव पूर्ण वेगळे होते आणि मुख्य पत्ता शहराच्या दुसऱ्या भागात होता. त्या रात्री मी ते पान तीन वेळा छापून घेतले.

जुलै २०२३ मध्ये अर्जात दुरुस्ती करून घेतली. कायदेशीर नाव, पुढे ‘व्यापारी नाव’ म्हणून पाटीवरचे नाव, मुख्य पत्ता आणि दुकानाचा पत्ता, असे चारही तपशील लिहिले. शिवाय या वेळी टपालासोबत हमदस्त, म्हणजे हातोहात द्यायची, नोटीसही मागून घेतली आणि कार्यालयाच्या माणसाबरोबर स्वतः गेलो. नोटीस घेतल्याची सही झाली. ती पोचपावती फाइलला लागलेली पाहिली, तेव्हा खटला जिंकल्याइतका दिलासा मला मिळाला.

त्यानंतरचे सगळे तुलनेने सरळ झाले. गैरअर्जदारांच्या वकिलांचा मुख्य मुद्दा होता की अर्जदाराने ९,००० रुपये स्वतःहून मान्य केले होते. त्याच अधिनियमाच्या कलम २५ नुसार किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा कोणताही करार रद्दबातल ठरतो, हे मी अर्जातच लिहिले होते. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे ही घटनेच्या अनुच्छेद २३ ने मनाई केलेली सक्तीची मजुरी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच सांगितले आहे. मान्य केले होते म्हणून गप्प बसावे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे लक्षात ठेवावे. मलाही कित्येक महिने तसेच वाटत होते.

दुसरा मुद्दा मुदतीचा होता आणि तो खरा अवघड होता. जुन्या कायद्यात अर्ज सहा महिन्यांत करावा लागे, म्हणजे माझ्या बावीस महिन्यांपैकी मे आणि जून २०२२ हे दोनच महिने मुदतीत बसत होते. पुरेसे कारण दाखवल्यास विलंब माफ होऊ शकतो, म्हणून मी मूळ अर्जासोबतच विलंब माफीचा अर्ज जोडला होता आणि त्याला ऑगस्टमधल्या तक्रारीची आवक क्रमांक असलेली प्रत लावली होती. विलंब माफ झाला. कोणतेही पत्र दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये, ही सवय मला इथे उपयोगी पडली.

हे झाल्यावर त्यांनी तडजोडीची तयारी दाखवली. आधी निम्मी रक्कम देऊ केली, ती मी नाकारली. प्राधिकारी फरकाखेरीज फरकाच्या दहा पटींपर्यंत भरपाई देऊ शकत होते. मी भरपाईचा आग्रह सोडला आणि फरकातला एकही रुपया सोडला नाही.

जादा तासांचे पैसे मात्र माझे बुडाले. दिवाळीच्या आधी आम्ही रात्री दहापर्यंत थांबत असू आणि त्याचा दर दुप्पट असायला हवा होता, पण कोणत्या दिवशी किती तास थांबलो, याची नोंद माझ्याकडे नव्हती. रोज रात्री वहीत दोन ओळी लिहिल्या असत्या, तरी काही आधार मिळाला असता. तसेच, कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या पगारपत्रकावर सही करू नये. माझा पगार बँकेतून होत होता म्हणून बचावलो. रोखीने घेणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याच्या सहीसमोर पूर्ण किमान वेतनाचा आकडा लिहिलेला निघाला.

नाव शोधण्याचे आणखी दोन मार्ग मला उशिरा समजले. दुकानाचे नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असते. नोकरीत असतानाच त्याचा फोटो काढून ठेवावा. भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल, तर पासबुकावर आस्थापनेचे नाव असते. आमच्याकडे वीसपेक्षा कमी माणसे असल्याने माझा निधी कापला जात नव्हता.

आता अर्ज करणाऱ्यांसाठी नियम बदलले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या अधिनियमाच्या जागी वेतन संहिता, २०१९ लागू झाली आहे. तीत दाव्याची मुदत तीन वर्षे आहे आणि वेतन पूर्ण दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोकरी सुटल्यावर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावे लागते. मला हे मिळाले असते, तर विलंब माफीची धाकधूक राहिली नसती. नोटीस मात्र आजही नावावर आणि पत्त्यावरच जाते.

रोखीने पगार घेणारा तो सहकारी गेल्या महिन्यात माझ्याकडे आला होता. त्याचा अर्ज आम्ही दोघांनी बसून लिहिला. तक्त्याच्या आधी गैरअर्जदाराचा रकाना भरला आणि जीएसटी संकेतस्थळाचे ते पान पहिल्या कागदामागे टाचले.