राखणीची झोप

काही वर्षांपूर्वीचा जून महिना. स्वीडनमधल्या वेस्टेरोसला भाचीकडे राहायला गेले होते. विजेच्या मोठमोठ्या यंत्रांचं हे गाव, त्यामुळे आपली इंजिनिअर पोरं तिथे बरीच. दुकानात मागून कुणी 'अहो, कोथिंबीर बघा ना' म्हणालं तरी दचकायचं नाही, हे मी लवकरच शिकले. एका दुपारी जेवणं आटोपून आम्ही मेलारेनच्या काठी बसलो होतो. मेलारेनला तळं म्हणायचं आपलं, पलीकडचा काठ शोधावा लागतो. तर त्या पाण्यात, काठापासून चांगलं लांब, एक लाल घर. कोपऱ्यांना पांढऱ्या पट्ट्या, वर कौलारू घरासारखं उतरतं छप्पर. आजूबाजूला पूल नाही, बेट नाही. नुसतं घर.

"ते काय गं?"

"हॉटेल."

"एवढंसं?"

"एकाच खोलीचं आहे. आणि खोली पाण्याखाली आहे, मावशी."

मी पहिला प्रश्न विचारला तो असा, की मग कडी कुठून लावायची?

हसू नका. परक्या ठिकाणी रात्र काढायची म्हटलं की माझं आधी कडीकडे लक्ष जातं. लग्नाचं कार्यालय असो, नाहीतर चांगलं तीन तारे लावलेलं हॉटेल. कडी लावायची, ओढून बघायची, दिवा मालवायचा, परत उठून ओढून बघायची. मग दाराकडे तोंड करून कुशीवर. आमचे हे म्हणतात, चोर आला तरी तुझा चेहरा बघून परत जाईल.

त्या हॉटेलाचं नाव उटर इन. मिकाएल येनबर्ग नावाच्या तिथल्याच एका कलावंतानं 2000 साली ते तळ्यात सोडलं. रबरी होडीनं तुम्हाला नेऊन पोचवतात आणि होडी परत जाते. घरातल्या जमिनीला एक झडप, तिच्यातून शिडीनं तीन मीटर खाली उतरायचं. खाली दोन पलंग, चारी बाजूंना खिडक्या, खिडक्यांबाहेर मासे. म्हणजे दार डोक्यावर! पैसे आपण मोजायचे आणि पेटीत बसून माशांना दर्शनही आपणच द्यायचं. माशांनी तोंड वेडावलं तर तक्रार कुणाकडे करायची?

या येनबर्गची खोड जुनी आहे. त्याआधी 1998 साली त्यानं त्याच गावातल्या बागेत एका ओकच्या झाडावर, 13 मीटर उंचीवर, खोली बांधली. हाकस्पेट, म्हणजे सुतारपक्षी, हे तिचं नाव. नाश्ता टोपलीत घालून दोरीनं वर ओढून घ्यायचा. पाणी झालं, झाड झालं, तेव्हा राहिला चंद्र. चंद्रावर एक लाल घर न्यायचं हे खूळ त्यानं 1999 पासून धरलं होतं. हातात मावेल एवढं घर शेवटी खरंच एका जपानी यानातून निघालं आणि 2025 च्या जूनमध्ये उतरता उतरता ते यान चंद्रावर आपटलं. बातमी वाचून मला मनापासून वाईट वाटलं. पंचवीसएक वर्षं एकाच वेडात काढणारी माणसं मला आवडतात, आमच्या घरात कुणी नाही म्हणून असेल.

झाडावरच्या खोलीचं ऐकलं तेव्हा मात्र मी भाचीला म्हटलं, यात नवीन काय, आम्ही माळ्यावर झोपायचो.

माझं आजोळ बार्शीकडचं. शाळू कणसात आला, की शेतात चार मेढी रोवून माळा उभा राहायचा. वर आडवी लाकडं, त्यावर कडबा, कडब्यावर गोणपाट, गोणपाटावर घोंगडी. दिवसा पाखरं हाकायची, तेव्हा गोफणीचा हक्क थोरल्या मामेभावाचा. आम्हा मुलींच्या वाट्याला पत्र्याचा डबा. रात्री रानडुकरांसाठी मामा राखणीला जायचा. थंडी कडाक्याची, आणि तरी 'मला ने, मला ने' म्हणून मी त्याच्या मागे लागायची. आई नको म्हणायची, मामी नको म्हणायची, मामा म्हणायचा, "येऊ दे, मलाबी सोबत हुईल."

शिडी चढताना कडबा नाकात जायचा. वर गेलं की पहिल्यांदा खाली बघायचं नाही, हा मामाचा नियम. मग घोंगडीत शिरायचं. घोंगडी टोचायची, तिला बकऱ्याचा वास यायचा, पण पाच मिनिटांत इतकी ऊब यायची की वासाचं काही वाटेनासं व्हायचं. खाली सगळीकडे सळसळ. प्रत्येक सळसळीला मी विचारायचे, "मामा, डुक्कर?" तो म्हणायचा, "वारा." थोड्या वेळानं परत, "मामा, डुक्कर?" "वारा गं." मग कधीतरी मी विचारायच्या आतच तो उठून उभा राहायचा, बॅटरी मारायचा आणि 'हाऽऽ हाऽऽ' असा ओरडायचा की अख्खा माळा हलायचा. लांबच्या कुठल्या तरी माळ्यावरून दुसरं कुणीतरी तसंच ओरडायचं. मग मामा मला म्हणायचा, "झोप पोरी, मी हाय न्हवं."

आणि मी झोपायचे. कडी नाही, दार नाही, भिंतसुद्धा नाही. ढाराढूर झोपायचे. हे मला त्या तळ्याकाठी बसल्या बसल्या पहिल्यांदाच लक्षात आलं.

तर भाचीला वाटलं, मावशीला या विषयात रस दिसतोय. मग तिनं मला अशी एकेक ठिकाणं सांगायला सुरुवात केली. उत्तरेला हारादस नावाचं खेडं आहे, तिथे पाइनच्या जंगलात 2010 पासून झाडांवर टांगलेल्या खोल्या भाड्यानं मिळतात. एक खोली उडत्या तबकडीसारखी, एक पक्ष्याच्या घरट्यासारखी, काटक्याकुटक्यांनी बाहेरून मढवलेली. एक तर चार मीटरचा चौकोनी ठोकळा, बाहेरून सगळा आरसा. त्यात जंगलच दिसतं, त्यामुळे खोली दिसत नाही. पक्षी येऊन आपटू नयेत म्हणून काचेवर असा थर दिलाय म्हणे, की जो पक्ष्यांना दिसतो आणि आपल्याला नाही. पक्ष्यांचा विचार केला हे फार चांगलं. पण आरसे लावून लपायचं आणि फोटो जगभर पाठवायचे, हा लपंडाव मला झेपत नाही. त्यापेक्षा 2022 साली बांधलेली खोली मला पटली: तिच्या बाहेरच्या अंगाला पक्ष्यांसाठी साडेतीनशे घरटी-पेट्या लावल्यात. एका पाहुण्यामागे साडेतीनशे शेजारी. दादरच्या चाळीत वाढलेल्या माणसाला जमण्यासारखं आहे.

त्याहून वर, आर्क्टिक वृत्ताच्याही 200 किलोमीटर उत्तरेला, युकासयार्वी. टोर्ने नदीचं बर्फ वसंतात कापून साठवायचं, पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्याचं हॉटेल बांधायचं, उन्हाळ्याआधी ते वितळून नदीत परत जायचं, परत नवीन बांधायचं. 1990 च्या आगेमागे सुरू झालं, अजून चालू आहे. आता तर सूर्याच्या विजेवर गारठवलेला एक भाग बाराही महिने उभा असतो. खोलीत उणे पाच ते उणे आठ. बर्फाचाच पलंग, त्यावर रेनडिअरची कातडी, त्यावर झोपायची पिशवी आणि पिशवीत आपण. सकाळी कुणीतरी येऊन लिंगनबेरीचा गरम रस हातात देतं.

"आणि दार?"

"पडदा असतो."

"आणि संडास?"

"शेजारच्या गरम इमारतीत."

विषय संपला.

पण भाची हट्टी. आठवड्याच्या शेवटी तिनं मला शिनस्काटेबर्गजवळच्या कोलारबिनला नेलंच. जंगलात डझनभर झोपड्या. झोपड्या कसल्या, उंचवटेच. अंगावर माती, मातीवर शेवाळ आणि ब्लूबेरीची झुडपं. छपराला हात घालून बेरी खाव्यात. आत दोन लाकडी फळ्यांचे बिछाने, मेंढीची कातडी, टोकाला दगडी चूल. वीज नाही, न्हाणीघर नाही, भांडी ओढ्यात घासायची, लाकडं आपली आपण फोडायची. फोडली भाचीनं, कुऱ्हाड कशी धरायची ते मी सांगत होते. गंमत म्हणजे या देशात जंगलात तंबू ठोकून रात्रभर राहायला कुणी पैसे मागत नाही. दुसऱ्याच्या मालकीच्या रानातही, घरापासून लांब असलात, त्रास दिला नाहीत आणि नासधूस केली नाहीत, तर चालतं. तसा हक्कच आहे सगळ्यांना. तरी आम्ही पैसे भरून, ओढ्यावर वाकून, राखेनं पातेलं घासत होतो.

या झोपड्या मुळात कोळसा पाडणाऱ्यांच्या. त्या भागात लोखंड गाळायचे, त्याला कोळसा लागायचा. लाकडं उभी रचून मोठा ढीग करायचा, फांद्या आणि मातीनं लिंपायचा, आत विस्तव सोडायचा आणि आठवडेच्या आठवडे तो धुमसत ठेवायचा. हवा बेताची. कुठे भगदाड पडलं की आत ज्वाळा धरते आणि सगळ्या लाकडाची राख. म्हणून कोळसेवाल्यानं रात्रंदिवस तिथेच राहायचं, उठून उठून बघायचं, ढिगावर चढून माती दाबायची. कधी पाय आत गेला तर माणूसही आत. खायला कोलबुल्ले, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या चरबीत तळलेलं पिठाचं जाड धिरडं. झोपडी झोपण्यासाठी नव्हतीच, जागताना पाठ टेकण्यासाठी होती.

आपल्याकडे रायगड-ठाण्यातले कातकरी उचल घेऊन कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. दिवाळी झाली की निघायचं, पोराबाळांसकट, आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. त्यांच्या खोपटात एक रात्र राहण्यासाठी कुणी आगाऊ पैसे भरल्याचं मी ऐकलेलं नाही. स्वीडनमधल्या कोळसेवाल्याच्या हयातीतही कुणी भरले नसणार. धंदा पुरता बंद पडल्यावरच त्याच्या झोपडीत झोपणं निसर्गप्रेम ठरत असावं.

रात्र झाली म्हणावी, पण जूनमध्ये तिथे धड अंधार होतच नाही. डास मात्र धड होते. भाची कातड्यावर पडल्या पडल्या झोपली. मला वाटलं, मी कडीचा विचार करत बसणार. तसं झालं नाही. कारण चूल. लाकूड जळून गेलं की झोपडी गार पडते. म्हणून उठायचं, एक ओंडका सारायचा, फुंकायचं, धूर डोळ्यांत घ्यायचा, पाठ टेकायची. डोळा लागतो न लागतो तो परत गारवा. पहाटेपर्यंत हेच. मध्येच भाची झोपेत बडबडली, "मावशी, कसला आवाज?" मी म्हटलं, "वारा." ती परत घोरायला लागली.

सकाळी ती आळस देत म्हणाली, "काय मस्त झोप लागली गं! जंगलाची शांतताच वेगळी."

मी काही बोलले नाही. परतताना तिनं साला गावच्या चांदीच्या खाणीचं सांगितलं. जमिनीखाली 155 मीटरवर एकच खोली आहे भाड्यानं. खाणीत दोन अंश तापमान, खोलीत मात्र अठरा. तिथे मोबाइल चालत नाही. म्हणून रात्रभर वर एक माणूस जागा बसतो, बिनतारी यंत्र घेऊन, खालच्याला काही लागलं तर. सगळ्या जाहिरातींमध्ये मला हा माणूस तेवढा खरा वाटला. बाकी मासे, आरसे, बर्फ यांचं कौतुक आहेच, पण भाडं कशाचं द्यायचं तर त्याच्या जागरणाचं. त्याला किती मिळतं कुणास ठाऊक.

मामाला काहीच मिळायचं नाही. मिळायचा तो शाळू, तोही डुकरांनी ठेवला तर. तो सकाळी माळ्यावरून उतरायचा, गुरांचं बघायचा, विहिरीच्या मोटारीवर जायचा, आणि दुपारी जेवून ओसरीवर आडवा व्हायचा. मामीची ताकीद असायची: मामा झोपलाय, कुणी आवाज करायचा नाही. आम्ही 'हो' म्हणायचो आणि तिथेच ओसरीच्या पायरीवर डबा वाजवत डुकरं-डुकरं खेळायचो. डुक्कर व्हायची पाळी बहुतेक माझी. मामा एक डोळा उघडून बघायचा आणि कूस बदलायचा. मामी लाटणं घेऊन धावायची, पण मी चपळ होते, मला कधीच लागलं नाही. मामेभावाला लागायचं.