शिसपेन्सिल सेट: अखेर ऑर्गन्झाची कॉलर बसली!

मागच्या अपडेटमध्ये गळ्याच्या जागी नुसता लाल चौकोन टाकून त्यावर ‘इथे काहीतरी पारदर्शक’ असं लिहून ठेवलं होतं. तिथे आता खरा ऑर्गन्झा, म्हणजे पातळ आरपार कापड आहे आणि त्यातून खालच्या ड्रेसचा रंग दिसतोय! सेट, म्हणजे कपड्यांच्या फोटोंचे कटआउट जोडून केलेला पोशाखाचा कोलाज, पुरा झालेला नाही, पण हे सांगितल्याशिवाय राहवेना.

‘छोटी सुखं’ मालिकेतला हा सेट सुचला तो शार्पनरमधून अखंड निघालेल्या सालीवरून. ती लाटालाटांची रंगीत किनार षटकोनी पेन्सिलीला येते. शार्पनर शंकूच्या आकारात कापतो, तो सपाट बाजूंना छेदतो तिथे कमानी उमटतात. गोल पेन्सिलीची किनार सरळच निघते. म्हणून स्कॅलप हेमचा (कमानदार काठाचा) फिकट लाकडी रंगाचा स्कर्ट घेतला आणि त्याच्या काठाला लाल पट्टी दिली. तो पहिल्याच बैठकीत जमला. बुटांसाठी आधी मॅट राखाडी लावून पाहिला, तर सिमेंट दिसायला लागलं. ग्रॅफाइटला स्वतःची धातूसारखी चमक असते, त्यामुळे सॅटिनच हवं होतं. सॅटिनचे बूट ठेवताच सगळा सेट जागा झाला.

घोडं अडलं ते कॉलरपाशी. साल उजेडासमोर धरली की तिच्यातून प्रकाश झिरपतो, आणि मला नेमकं तेच गळ्याशी हवं होतं. म्हणजे पांढरा ऑर्गन्झा, आणि तोही खरोखर आरपार दिसणारा.

एका टॅपमध्ये बॅकग्राउंड काढणाऱ्या ॲप्सबद्दल माझं मत तुम्हाला ठाऊक आहेच. बूट, पर्स, माणूस यांना ती उत्तम. जाळीदार कापड मात्र ती एक तर ठोकळ्यासारखं अख्खं ठेवतात, नाहीतर मधूनच कुरतडतात. काळ्या नेटला आपला जुना उपाय चालतो: लेयर मल्टिप्लायवर (खालच्या रंगाशी गुणणाऱ्या मोडवर) टाकायचा, मागचा पांढरा आपोआप निघून जातो. पांढऱ्या ऑर्गन्झावर तोच उपाय केला तर बॅकग्राउंडबरोबर कापडही गायब. गिंप या फोटो एडिटरमधलं ‘कलर टू अल्फा’सुद्धा वापरून पाहिलं, ते निवडलेला रंग पारदर्शक करतं. त्याला कापडाचा पांढरा आणि मागचा पांढरा यात फरक कळत नाही, त्यामुळे हाती आल्या फक्त घड्यांच्या सावल्या. दुकानांच्या साइटवरचे फोटो तर या कामी बादच, कारण बहुतेक ठिकाणी मागे पांढराच असतो. (बाकी कपड्यांसाठी अदृश्य पुतळ्यावरचे, म्हणजे पुतळा नंतर पुसून टाकलेले फोटो मॉडेलवरच्या फोटोंपेक्षा कधीही बरे. वाद घालायचा तर घाला.)

एकाच फोटोतून हे सुटणार नाही, हे तेव्हा ध्यानात आलं. एखादा पिक्सेल फिका दिसतो तो कापड दाट आहे म्हणून की मागचा पांढरा झिरपतोय म्हणून, हे त्या एका आकड्यात असतच नाही. पण तेच कापड एकदा पांढऱ्यासमोर आणि एकदा काळ्यासमोर धरलं, तर जिथे दोन्ही फोटो सारखे येतात तिथे कापड अपारदर्शक आणि जिथे पूर्ण फरक पडतो तिथे कापडच नाही. मधल्या सगळ्या छटा म्हणजे आपली पारदर्शकता. ही युक्ती माझी नव्हे. ऑल्वी रे स्मिथ आणि जेम्स ब्लिन या संगणक-चित्रणातल्या संशोधकांनी 1996 साली सिग्राफ या त्याच विषयाच्या परिषदेत ती नीट गणितासकट मांडली होती. मी आपलं ते गणित पांढऱ्या ऑर्गन्झाच्या एका स्कार्फला लावलं.

करायचं असेल तर असं करा. स्कार्फ दोऱ्याने टांगा, पंखा बंद, कॅमेरा ट्रायपॉडवर, एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स लॉक. आता फक्त मागचा पुठ्ठा बदलायचा, स्कार्फला हात लावायचा नाही. काळा पुठ्ठा वाटतो तितका काळा नसतो, बराच उजेड परत फेकतो. मखमल घ्या, जमीन-अस्मानाचा फरक पडतो. एक्स्पोजर थोडं कमीच ठेवा, कारण पांढऱ्या फोटोत घड्या जळाल्या (निव्वळ पांढऱ्या झाल्या) तर वजाबाकी खोटी येते.

मग गिंपमध्ये 32 बिट फ्लोट, लिनिअर लाइट (म्हणजे आकडे खऱ्या उजेडाच्या प्रमाणात राहतात). पांढऱ्या फोटोवर काळा फोटो ठेवून मोड डिफरन्स, म्हणजे वजाबाकी. दिसतंय त्याचा नवा लेयर करून तो डिसॅच्युरेट (रंगहीन) करा आणि लेव्हल्सने रिकामी जागा पूर्ण पांढरी होईपर्यंत ओढा. मग इन्व्हर्ट (उलटा) करा, हा झाला मास्क: कुठे किती कापड दिसायचं ते ठरवणारं करडं चित्र. त्यानंतर काळ्यासमोरच्या फोटोला याच मास्कने भागायचं (डिव्हाइड मोड) आणि वर मास्क लावायचा. भागाकार गाळलात तर कापड मळकट राखाडी दिसतं, कारण काळा त्यात मिसळलेला असतो.

कडेला पांढरी रेघ नाही! ज्यांनी कटआउटच्या कडा एकेक पिक्सेल आत घेत रात्री घालवल्यात त्यांनाच या वाक्याची किंमत कळेल. ती रेघ येते कारण कडेच्या पिक्सेलमध्ये कापड आणि मागचा पांढरा आधीच कालवलेले असतात. इथे तो पांढरा हिशेबानेच वजा होतो.

आता खरी गंमत. मास्क नुसता उघडून पाहिला, तर तो हुबेहूब पेन्सिलीने शेड केलेलं चित्र दिसतो. त्यामुळे आधी ठरवलेल्या पिवळ्या बॅगेचा बेत रद्द. (मला माहीत आहे, तुम्हाला ती आवडली होती.) त्याऐवजी हाच पोशाख पेन्सिलीच्या ग्रेडप्रमाणे करतेय: 2एच, एचबी, 2बी, 6बी. कापड तेच राहील, मास्कचा कर्व्ह तेवढा बदलेल. 2एचमध्ये कॉलर जेमतेम जाणवेल, 6बीमध्ये गडद आणि जाड. स्कर्टची लाल किनार मात्र चारही ठिकाणी तीच. हातमोज्यांसाठी न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमचा ओपन ॲक्सेस संग्रह चाळतेय. 2017 पासून तिथले सार्वजनिक मालकीत आलेल्या वस्तूंचे फोटो सीसी झिरो (कोणताही हक्क राखून न ठेवणाऱ्या) परवान्याखाली आहेत, म्हणजे कापाकापी करायला पूर्ण मोकळीक. जुन्या वस्तूंच्या फोटोंना मागे बहुधा राखाडी छटा असते, ती आपल्याला सोयीचीच.

हे लिहिता लिहिता पुढचा सेटही पक्का झाला: साबणाचा फुगा. त्याला ही रीत चालणार नाही बहुतेक. फुग्याचा पडदा जवळजवळ पूर्ण पारदर्शक, म्हणजे मास्क शून्याच्या आसपास, आणि शून्याच्या आसपासच्या आकड्याने भागलं की रंग भडकून फुटणार. पण फुग्याचे रंग परावर्तित प्रकाशाचे असतात, पातळ थराच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून आलेल्या लहरी एकमेकींत मिसळून तयार होणारे. ते मागच्या रंगात नुसते मिळवायचे. मग काळ्या मखमलीसमोर काढलेला एकच फोटो ॲडिशन मोडवर टाकला की काम व्हायला हवं, मास्कची भानगडच नाही. पफ स्लीव्ह्ज त्याच्याच करायच्या म्हणतेय. फिक्या कॅनव्हासवर मात्र ॲडिशन धुऊन निघतो, त्यामुळे पार्श्वभूमी गडद घ्यावी लागेल. गडद निळा की बाटलीहिरवा, यावर अडलेय. मत द्या.