पुठ्ठा काढायला विसरू नका

एकदा मी पिझ्झा पुठ्ठ्यासकट भाजला. खोक्यातून काढला, वरचं प्लॅस्टिक फाडलं आणि खालची ती गोल तबकडी बेसचाच भाग समजून तशीच ओव्हनमध्ये सरकवली. पंधरा मिनिटांनी वरून छान सोनेरी झालेला पिझ्झा बाहेर आला. नवऱ्याने पहिला तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चावला आणि म्हणाला, "आजचा बेस जरा जास्तच कडक झालाय." मुलगी जास्त चौकस. तिने तुकडा उलटा धरून नखाने सोलून पाहिला, तेव्हा कुठे उलगडा झाला.

हसून हसून पुरेवाट झाली, पण नंतर माझ्या मनात आलं, की पुठ्ठा चावूनही या माणसाला शंका आली नाही, म्हणजे फ्रोजन पिझ्झाकडून त्याची अपेक्षाच तेवढी होती!

ही बदनामी तशी जुनी आहे. पिझ्झा गोठवण्यात मूळ अडचण पाण्याची. सॉस ओला, बेस कोरडा. ओलं कोरड्यात मुरायला बघणारच. ताज्या पिझ्झात त्याला सवडच मिळत नाही, कारण भाजला की पाच मिनिटांत फस्त होतो. गोठवायच्या पिझ्झाला मात्र आधी कारखान्यात, मग गाडीत, मग दुकानात आणि शेवटी आपल्या फ्रीझरमध्ये तिष्ठत राहायचं असतं. फिलाडेल्फियाच्या जोसेफ बुची यांना १९५४ मध्ये फ्रोजन पिझ्झाच्या कृतीचं पेटंट मिळालं, तेही या पाण्यापायीच. कणकेला आधी एक थर द्यायचा, म्हणजे सॉसचं पाणी खाली उतरत नाही, ही त्यातली मेख.

तरी पुठ्ठेपणा काही गेला नाही. तो घालवला मिनिआपोलिसच्या रोझ टोटिनो या बाईंनी. नवरा जिम आणि त्या मिळून पिझ्झाचं हॉटेल चालवायचे. ते सुरू करण्यासाठी बँकेत कर्ज मागायला गेल्या, तेव्हा पिझ्झा म्हणजे काय हे तिथल्या माणसाला समजावण्यापेक्षा त्या सरळ एक पिझ्झा भाजूनच घेऊन गेल्या, असं सांगतात. कर्ज मिळालं. हॉटेल १९५१ मध्ये उघडलं, पुढे त्यांचे गोठवलेले पिझ्झे निघाले, १९७५ मध्ये पिल्सबरीने कंपनी विकत घेतली आणि रोझबाई पिल्सबरीच्या पहिल्या महिला उपाध्यक्ष झाल्या. पण मला त्यांचं कौतुक आहे ते १९७९ च्या पेटंटसाठी. बेस भाजायचा नाही, तळायचा! तळलेल्या बेसमध्ये तेल आणि हवा अशी काही बसते, की गोठवून पुन्हा भाजला तरी तो कुडुमकुडुम वाजतो. हे वाचलं त्या दिवशी मला आमच्या पुठ्ठाकांडाची नव्याने लाज वाटली. एका बाईने आयुष्य खर्चून जो पुठ्ठा पिझ्झातून हद्दपार केला, तो मी आपल्या हाताने परत आणला होता.

आता आवडीनिवडीचं. माझं मत ठाम आहे आणि घरात त्याला दुसरा पाठिंबा नाही: फ्रोजन पिझ्झा जितका साधा, तितका चांगला. खोक्यावरच्या फोटोत जितक्या जास्त वस्तू, तितका आत जास्त अपेक्षाभंग. भाज्यांनी गच्च भरलेला पिझ्झा गोठवला, की प्रत्येक भाजी आपापलं पाणी राखून ठेवते आणि ओव्हनच्या उबेला आली की सोडून देते. मशरूमसारखं रडकं टॉपिंग तर दुसरं नाही. एकदा मी मशरूमचा पिझ्झा कापला, तर मधोमध तळं साचलेलं. खोक्यावर त्याच पिझ्झाचा फोटो असा होता, की फ्रेम करून लावावा.

म्हणून माझा पहिला नंबर पातळ बेसच्या चीज पिझ्झाला. नाव घ्यायचंच तर डॉक्टर ओएटकरचा रिस्टोरांते, त्यातही मोझरेला. टोमॅटोच्या चकत्या, चीज, वर थोडा पेस्टो, बस्स. हे डॉक्टर ओएटकर म्हणजे जर्मनीतल्या बीलेफेल्डचे औषधविक्रेते. १८९१ मध्ये त्यांनी बेकिंग पावडरच्या पुड्या विकायला घेतल्या आणि त्यांची कंपनी १९७० मध्ये गोठवलेल्या पिझ्झापर्यंत पोचली. हा पिझ्झा जाळीवर थेट ठेवला, की कडा आधी तपकिरी होतात आणि मध्य जरा मऊ राहतो. तो मऊ मध्य मी शेवटी खाते.

मुलीला जाड बेस लागतो, ओव्हनमध्ये फुगणारा. त्याची सुरुवात म्हणाल तर १९९५ मध्ये डिजॉर्नो या अमेरिकन ब्रँडने केलेला गाजावाजा. बेस आधी भाजायचाच नाही, कच्चाच गोठवायचा, म्हणजे तो आपल्या ओव्हनमध्ये ताज्या पावासारखा वर येतो. 'ही डिलिव्हरी नव्हे, डिजॉर्नो आहे' हे त्यांचं घोषवाक्य. मला ते थोडं केविलवाणं वाटतं. सारखं आपण दुसऱ्या कुणासारखे दिसतो हे कशाला सांगायचं? पण ओव्हनच्या काचेला नाक लावून तो फुगताना बघण्यात गंमत आहे, हे मान्य. मुलगी तेवढा वेळ फोनही बाजूला ठेवते.

नवरा नावांना भुलतो. त्याचा लाडका टूमस्टोन, म्हणजे थडग्याचा दगड. विस्कॉन्सिनमधल्या मेडफर्डला सिमेक भावांचा बार होता, स्मशानभूमीच्या समोर, म्हणून बारचं नाव टूमस्टोन टॅप. नाचताना एका भावाचा पाय मोडला, आणि घरी बसावं लागल्यावर तो सॉसचे प्रयोग करत बसला. १९६२ पासून हे पिझ्झे आसपासच्या बारना जाऊ लागले. पुढे जाहिरातीत विचारायचे, 'तुमच्या थडग्यावर काय हवं?' नवऱ्याला हा विनोद अजून शिळा वाटत नाही.

आणि नॉर्वेच्या ग्रांदिओसाचं काय सांगावं! १९८० साली आलेला हा साधासुधा पिझ्झा त्या देशात इतका घरचा झाला, की २००६ मध्ये त्याच्या जाहिरातीचं गाणं तिथल्या गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरावर जाऊन बसलं. खरा पिझ्झा, खोटा पिझ्झा असा वाद घालणाऱ्यांनी यावर काय म्हणायचं ते म्हणावं.

मायक्रोवेव्हबद्दल थोडक्यात: नको. त्यात पाणी तापतं, पण बेस भाजला जात नाही, चामड्यासारखा होतो. काही पिझ्झ्यांसोबत एक चंदेरी कागद येतो, त्यावर अॅल्युमिनियमचा अगदी बारीक थर असतो. तो मायक्रोवेव्हमध्ये तव्यासारखा तापतो आणि वर ठेवलेला बेस कुरकुरीत करतो. कल्पना सुरेख. मी मात्र तो कागदही एकदा कचऱ्यात टाकला होता. जो काढायचा तो ठेवते, जो ठेवायचा तो टाकते.

त्यापेक्षा ओव्हन पुरता तापू द्यावा. घाई सगळी इथेच होते. खोक्यावर लिहिलेलं तापमान येण्याआधी पिझ्झा आत ढकलला, की तो भाजला जाण्याआधी वितळत बसतो आणि ज्या पाण्याला इतक्या लोकांनी इतकी वर्षं अडवलं, ते आरामात बेसमध्ये उतरतं. दुकानातून घरी येतानाही तेच. कारखान्यात पिझ्झा झपाट्याने गोठवतात, म्हणजे बर्फाचे कण बारीक राहतात. वाटेत तो अर्धा वितळला आणि घरच्या फ्रीझरने त्याला सावकाश पुन्हा गोठवलं, तर कण मोठे होतात आणि बेसची वीण उसवतात. म्हणून खरेदीच्या यादीत मी पिझ्झा सगळ्यात शेवटी उचलते. आणि मग ओळखीचं कुणीतरी भेटतं.

फ्रीझरच्या तळाशी एक पिझ्झा कायम असतो. रात्री उशिरा तिघंही दमून येतात, कुणी कुणाला 'जेवायचं काय?' असं विचारत नाही, नुसता ओव्हन लावल्याचा आवाज येतो. मग मी खोकं फाडते आणि स्वयंपाकघराबाहेरून दोन आवाज एकदम येतात,

"पुठ्ठा!"