वजनकाट्यासमोरचे अडीच तास

दिंडोरीला जायचं मनात खूप दिवस होतं. माझ्या आतेबहिणीचं सासर तिथल्या एका गावात आहे. ताई लग्नानंतर दर हंगामात फोन करायची, "फेब्रुवारीत ये, बाग बघ." यंदा फेब्रुवारीत पाच दिवस मिळाले आणि ठाण्याहून निघाले. पहिले दोन दिवस त्र्यंबकेश्वर, पांडवलेणी आणि नाशिकच्या मिसळीत गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तिसऱ्या दिवशी जे पाहिलं, त्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

दाजींची साडेचार एकर बाग. त्यातली दोन एकर खायच्या द्राक्षांची, थॉम्पसनची. उरलेल्या अडीच एकरांत शेनिन ब्लांक, वाईनचं द्राक्ष. एका वायनरीशी करार आहे. असे करार इकडे दहा-बारा वर्षांचेही असतात. घरातल्या मावशी, म्हणजे ताईच्या सासूबाई, माळकरी आहेत. दरवर्षी आळंदीची वारी करतात. शेतात वाईनची द्राक्षं असली तरी या घरात आजवर एकही बाटली आलेली नाही. मावशींना त्यात काही अडचण वाटत नाही. "पीक ते पीक," म्हणतात. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय सरकारने घेतला, त्यावर राळेगणसिद्धीपासून मुंबईपर्यंत रान पेटलं आणि तो निर्णय अमलात आलाच नाही. तेव्हा टीव्हीवर सगळे भांडत होते की वाईन दारू आहे की नाही. द्राक्षाला भाव किती मिळतो हे कुणी विचारत नव्हतं, असं दाजी म्हणाले. मला त्यांचं म्हणणं पटलं.

वाईनची द्राक्षं रात्री तोडतात हे मला ठाऊक नव्हतं. पहाटे तीनला ताईने उठवलं. बागेत गेले तर वेलींच्या ओळींमधून पंधरा-वीस दिवे हलत होते. तोडणीवाल्यांनी डोक्याला बॅटऱ्या बांधलेल्या. ही माणसं पेठ तालुक्यातली. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या कामाला उतरतात आणि बागेच्या कडेला पालं ठोकून राहतात. कात्रीचा टकटक आवाज, घड क्रेटमध्ये ठेवताना होणारी सळसळ आणि मधूनच कुणाचा तरी खोकला. बोलणं फारसं नाही. थंडी एवढी की शालीतून हात बाहेर काढवत नव्हता आणि त्या बायकांचे हात दवाने ओले, रसाने चिकट.

एका घडाचे चार मणी तोंडात टाकले. बारीक, जाड सालीचे, आत बिया. गोडी मात्र अशी की दात शिवशिवले. रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजतात. खायच्या द्राक्षात ती सोळा-अठरा ब्रिक्स झाली की माल बाजाराला तयार. यात वीस-बावीसपर्यंत थांबावं लागतं, कारण पुढे हीच साखर आंबून अल्कोहोल होते. एका ब्रिक्समागे अर्ध्या टक्क्याहून थोडं जास्त. एका बाटलीला किलोभराहून थोडी अधिक द्राक्षं लागतात. रात्रीच का तोडायची, तर घड गार असतो म्हणून. ऊन लागलं की साल मऊ पडते, रस सुटतो, क्रेटच्या तळाशीच आंबायला लागतो आणि पांढऱ्या वाईनचा सगळा टवटवीतपणा तिथेच जातो.

यंदा मालच कमी. द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी. घड दिसतो फळछाटणीनंतर, पण तो काडीच्या डोळ्यात धरतो मे-जूनमध्ये, आणि त्याला तेव्हा स्वच्छ ऊन हवं असतं. २०२५ च्या मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि तो थेट दिवाळीपर्यंत पाठ सोडेना. "काडीत घडच नव्हता हो," दाजी म्हणाले. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, वेलीकडे बघत होते.

साडेसहाला सत्तर क्रेट पिकअपमध्ये चढले. वर ओलं गोणपाट टाकलं. क्रेट उतरवायला पेठची एक बाई आणि तिचा भाऊ मागे बसले, मी केबिनमध्ये दाजींच्या शेजारी. वायनरीच्या फाटकाशी पोचलो तेव्हा आमच्या पुढे सहा गाड्या होत्या. सातवा नंबर. वायनरी कुठली ते लिहीत नाही. तिथली माणसं उद्या दाजींचा माल घेणार आहेत.

आत द्राक्षं पिळायचा प्रेस अडकला होता, एवढंच कळलं. कधी सुटेल ते कुणी सांगेना. एक मुलगा येऊन प्रत्येक गाडीतले दहा-बारा मणी चुरडून साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रस टाकून पाहत होता. आमचे साडेएकवीस आले. दाजींचा चेहरा तेवढ्यापुरता उजळला. मग उन्हाची तिरीप पिकअपच्या फाळक्यावर आली आणि त्यांनी घड्याळ बघायला सुरुवात केली. बाटलीतलं पाणी गोणपाटावर शिंपडलं. दहा मिनिटांनी पुन्हा. मागची बाई न सांगता उठली, डोक्यावरचा पदर सोडून चार क्रेटवर धरून उभी राहिली. सावली तेवढीच पडत होती. ती हलली नाही.

वजनकाट्यासमोर शेतकऱ्यांना बसायला काही नाही. छप्पर नाही, पाण्याचा नळ नाही. आठ वाजून गेल्यावर मला राहवेना. मी त्या बाईला म्हटलं, "चला, आत कुठे सोय असेल." कुंपणाच्या पलीकडे त्याच वायनरीची पाहुण्यांची बाजू होती. मोठ्या छत्र्या, गवताची हिरवळ, काचेचं टेस्टिंग रूम. ती बाजू उघडायला अजून वेळ होता, तरी दारावरच्या माणसाने मला पाहून लगेच म्हटलं, "मॅडम, उजवीकडे." माझ्या मागून ती आली तर त्याने हात आडवा धरला. "गाडीवाल्यांसाठी नाही इकडे."

ती थांबलीसुद्धा नाही. "मी तिकडंच जाते, ताई," म्हणाली आणि वळून रस्त्याच्या पलीकडे बाभळींकडे निघाली. पहाटे तीनपासून तिने जी द्राक्षं तोडली ती त्याच काचेमागे जाणार होती. मी दारात उभी होते. मला त्या माणसाला खूप काही सांगायचं होतं, आणि मी काही बोलले नाही. आत गेले. आत संगमरवर होता, हात पुसायला गुंडाळून ठेवलेले पांढरे रुमाल होते. मी तोंड धुतलं आणि बाहेर आले. ती आधीच परतली होती आणि पुन्हा पदर धरून उभी होती.

हे मला अजून सलतं. त्या क्षणी दाजींचा माल, पुढचे करार, कुणाची पाहुणी म्हणून आले आहे, हे सगळं डोक्यात आलं हे खरं, पण त्याने माझं गप्प राहणं योग्य ठरत नाही.

नाशिकच्या वाईनची कौतुकं मीही वाचली आहेत. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क झालं, २०१० मध्ये नाशिक व्हॅली वाईनला भौगोलिक मानांकन मिळालं. सुला या इथल्या वाईन कंपनीने २००० मध्ये पहिली वाईन बाजारात आणली आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. संगीत महोत्सवासाठी हजारो माणसं गंगापूर धरणाच्या बाजूला येतात. हे सगळं मला खरोखर मोठं वाटतं. नाशिकची काळी माती, ही हवा आणि इथल्या शेतकऱ्याचा हात यातून जगाला विकता येईल असं काही तयार झालं. म्हणूनच काट्यासमोर एक छप्पर, एक नळ आणि दोन शौचालयं बांधायला काय लागतं, हा प्रश्न मी विचारते आहे. प्रत्येक वायनरीने हंगाम संपायच्या आत हे करावं. पर्यटनावर जेवढा खर्च होतो, त्यापुढे हा काहीच नाही.

साडेनऊला नंबर लागला. काट्यावर वजन झालं, क्रेट उतरले. वरच्या थरातले काही घड मऊ पडले होते. मुलाने ते बाजूला काढले. ते वजनातून कमी झाले, दाजी काही म्हणाले नाहीत. सरकत्या पट्ट्यावरून उरलेले घड आत गेले. फाटकातून मला आतल्या स्टीलच्या टाक्या दिसल्या. उंच, त्यांच्या बाहेरून थंड पाण्याचं आवरण. शेजारचा कामगार एवढ्या उन्हातही स्वेटर घालून होता.

परत येताना मी मागे बसले, रिकाम्या क्रेटच्या शेजारी. क्रेटना आंबटगोड वास येत होता आणि माश्या घोंघावत होत्या. ती बाई पदराने मान पुसत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, ते आत नेलं, तिकडं कसं असतं?"

"थंड," मी म्हटलं. "खूप थंड. टाक्या आहेत मोठ्या."

"मग बरं," ती म्हणाली. "माल नीट राहील."