‘फ्लाय फ्रॉम हिअर’ : बास बसत आला, स्वरमेळ अजून बाकी

येस या ब्रिटिश रॉक गटाच्या २०११ सालच्या ‘फ्लाय फ्रॉम हिअर’ या अल्बममधील शीर्षकरचना बास गिटारवर बसवण्याचे काम आता शेवटच्या टप्प्यात आले आहे. जवळपास २४ मिनिटांच्या, सहा भागांच्या या रचनेतील ‘ओव्हर्चर’पासून ‘मॅडमन ॲट द स्क्रीन्स’पर्यंतचे चार भाग मूळ लयीत, ध्वनिमुद्रणाबरोबर, न थांबता वाजवता येऊ लागले आहेत. ‘बम्पी राइड’ अजून लय कमी करूनच चालू आहे, आणि गटाचा बासवादक क्रिस स्क्वायर याच्या साथीच्या गायनाचा, म्हणजे स्वरमेळाचा, भाग नुकताच हाती घेतला आहे.

येसचे बास वाजवणारे बहुतेक जण १९७१-७२ मधल्या अल्बमांकडे वळतात, आणि त्यात काही गैर नाही. तरीही हा उत्तरकाळातला अल्बम निवडण्यामागे एक प्रश्न होता : गायक बदलला, की-बोर्डवादक बदलला, तरी ऐकताक्षणी ‘हे येसच आहे’ असे ज्यामुळे वाटते ते नेमके कुठे आहे? मूळ गायक जॉन अँडरसन यांना २००८ मध्ये श्वसनाचा गंभीर त्रास झाल्यानंतर त्यांच्या जागी मॉन्ट्रियलमधील एका येस-अनुकरण गटात गाणारा बेन्वा डेव्हिड मंचावर उभा राहिला, आणि ‘मॅग्निफिकेशन’नंतर तब्बल दहा वर्षांनी आलेल्या या स्टुडिओ अल्बमवर मुख्य आवाज त्याचाच आहे. की-बोर्डवर सुरुवातीला ऑलिव्हर वेकमन होता. काम चालू असतानाच जेफ डाउन्स परतला, तरी वेकमनच्या वादनाचा काही अंश अंतिम ध्वनिमुद्रणात राहिला आहे. स्क्वायर, गिटारवादक स्टीव्ह हाउ आणि ड्रमवादक ॲलन व्हाइट हे तिघे मात्र कायम होते.

निर्माता म्हणून आलेला ट्रेव्हर हॉर्न आणि डाउन्स ही जोडी म्हणजे मूळचा ‘द बगल्स’ हा गट. १९८० मध्ये हे दोघे येसमध्ये येऊन ‘ड्रामा’ हा अल्बम झाला, आणि त्याच वर्षीच्या दौऱ्यात ‘वुई कॅन फ्लाय फ्रॉम हिअर’ हे गाणे वाजवले गेले, पण त्या अल्बममध्ये ते नव्हते. २००५ च्या ‘द वर्ड इज लाइव्ह’ या संचात त्या दौऱ्यातले ध्वनिमुद्रण आहे. बसवायला घेण्यापूर्वी ते ऐकण्याचा फार उपयोग झाला, कारण तीस वर्षांनी रचना वाढवताना कोणते जुने खांब तसेच ठेवले आणि कुठे नवे बांधकाम केले, हे त्यातून स्पष्ट ऐकू येते. त्यामुळे या अल्बमला नव्या गायकासाठी केलेली तडजोड म्हणणे मला पटत नाही. ज्या जोडीची ही चाल होती, तिच्याच हातून ती पुरी झाली.

आता बासविषयी. स्क्वायर पिकने (तार छेडण्याच्या छोट्या चकतीने) वाजवत असे, आणि पिकबरोबर अंगठ्याची कडही तारेला हलकेच लागत असल्यामुळे त्याच्या स्वराला ती ओळखीची धार येते. बोटांनी वाजवून स्वर अचूक आले तरी नाद येत नाही, म्हणून सगळा सराव पिकनेच केला. ‘वुई कॅन फ्लाय’मध्ये बास गाण्याच्या खाली राहत नाही, ओळ संपून पुढची सुरू होईपर्यंतच्या जागेत तो स्वतःचे छोटे वाक्य म्हणतो. ही वाक्ये प्रत्येक वेळी किंचित वेगळी आहेत, म्हणून एकदा उतरवून सगळीकडे तीच वाजवणे अन्यायाचे ठरेल. ‘सॅड नाइट ॲट द एअरफील्ड’मध्ये उलट संयम लागतो. तेथे स्वर धरून ठेवणे आणि ठरल्या जागी सोडणे हेच काम आहे, आणि वेगवान तुकड्यांपेक्षा ते मला अधिक कठीण गेले.

‘बम्पी राइड’ ही हाउची रचना जेमतेम सव्वादोन मिनिटांची आहे, पण तिच्या मात्रा चारच्या मापात सरळ बसत नाहीत. येथे आपल्याकडची पढंतच कामी आली. वाद्य बाजूला ठेवून दोन-दोन, तीन-तीन मात्रांचे गट हातावर टाळी देत तोंडाने म्हणायचे, ते सहज येऊ लागले की मगच तारेला हात लावायचा. पाश्चात्त्य रॉक वाजवणाऱ्या मित्रांनी ही पद्धत जरूर करून पाहावी.

स्वरमेळासाठी याच अल्बमची २०१८ ची ‘रिटर्न ट्रिप’ ही आवृत्ती शेजारी ठेवली आहे. तिच्यात हॉर्नने मुख्य गायन नव्याने केले आणि मिश्रणही बदलले. स्क्वायर २०१५ मध्येच गेला, त्यामुळे त्याचे बासवादन मूळ सत्रांमधलेच आहे. डेव्हिडचा आवाज वरच्या सुरांत निर्मळ आणि हलका. हॉर्नचा अधिक सपाट, बोलका, आणि ‘मॅडमन’सारख्या नाट्यमय भागात मला तो अधिक शोभणारा वाटतो. ‘सॅड नाइट’साठी मात्र मी डेव्हिडच निवडेन. दोन्ही आवृत्त्या हेडफोनवर आलटून पालटून ऐकताना वरचा आवाज बदलूनही ओळींच्या शेवटी उमलणाऱ्या स्वरमेळाचे वळण तेच राहते. स्क्वायर लहानपणी लंडनच्या किंग्सबरी भागातील सेंट अँड्र्यूज चर्चच्या गायनवृंदात गात असे, आणि ती तालीम या मेळात आजही ऐकू येते. सुरुवातीचा प्रश्न मला येथे सुटल्यासारखा वाटतो : या अल्बमला येसपण देणारी गोष्ट स्क्वायरच्या बासमध्ये जेवढी आहे, तेवढीच त्याच्या दुसऱ्या आवाजात आहे.

अडचण अशी की हे दोन्ही एकाच वेळी करायचे आहे. मुख्य गायकाच्या वेगळ्या लयीवर आपला सूर लावताना हाताने तिसरेच काही वाजवत राहणे मला अद्याप केवळ ‘वुई कॅन फ्लाय’च्या ध्रुवपदात जमते, आणि तेही हातातला बास थोडा साधा केल्यावर.

अल्बममधील उरलेल्या गाण्यांपैकी ‘सॉलिटेअर’ हे हाउचे एकट्याचे गिटारवादन असल्याने तेथे बासला काम नाही, आणि ‘अवर ऑफ नीड’ फारसे अवघड नाही. खरी उत्सुकता ‘इनटू द स्टॉर्म’ची आहे, कारण ते सगळ्यांनी मिळून रचलेले आहे आणि त्यात बास सतत पुढे आहे. ‘बम्पी राइड’ मूळ लयीवर आले की तेच हाती घेईन. कोणी त्याचा बास आधीच उतरवला असेल, तर शेवटच्या भागातील बोटांची मांडणी कशी ठेवली ते अवश्य कळवावे.