दोनशे 'इम्पॉर्टंट' काढताना

काम एवढंच होतं: जुन्या साइटवरच्या एका बटणाचा रंग बदलायचा. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, नवा नियम लिहिला, तर जुना आयडी-सिलेक्टर (नाव देऊन एकच घटक निवडणारी, म्हणून वजनदार खूण) त्याला जुमानेना. मी 'इम्पॉर्टंट' (हा नियम साध्या नियमांना हरवो, असं सांगणारा शब्द) लावलं, तर दुसऱ्याच पानावरचा मेन्यू बिघडला. फाइलमध्ये 'इम्पॉर्टंट' शोधून पाहिलं. दोनशेहून जास्त ठिकाणी होतं. माझ्या आधी काम केलेला प्रत्येक जण याच वाटेने गेला होता.

हात थांबवले आणि एमडीएन या वेब-संदर्भ साइटवरचं कॅस्केडचं, म्हणजे एकमेकांशी भिडणाऱ्या नियमांतला कुठला जिंकतो याचं, पान पहिल्या ओळीपासून वाचलं. इतकी वर्षं सीएसएस लिहूनही ते सलग कधी वाचलं नव्हतं. कॅस्केड लेयर, म्हणजे नियमांचे थर, तिथे नीट उमगले. 2022 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ते फायरफॉक्स, क्रोम आणि सफारीत लागोपाठ आले. फाइलच्या सुरुवातीला '@लेयर' लिहून क्रम ठरवायचा: रीसेट (ब्राउझरची मूळ शैली पुसणारे नियम), लायब्ररी, कॉम्पोनंट, युटिलिटी. नंतरचा लेयर आधीच्यावर मात करतो, मग आधीच्यातला सिलेक्टर कितीही वजनदार असो. स्पेसिफिसिटी, म्हणजे सिलेक्टरचं हे वजन, पाहिली जाते ती एकाच लेयरच्या आत.

उत्साहाने माझे सगळे नवे नियम लेयरमध्ये हलवले आणि त्यातले निम्मे लागूच होईनात. कारण जे नियम कुठल्याच लेयरमध्ये नसतात, ते सगळ्या लेयरना भारी पडतात. मी जुनं मोकळं सोडून नवं बांधलं होतं. मग अख्खी जुनी फाइल इम्पोर्ट करतानाच सर्वांत खालच्या, म्हणजे क्रमात पहिल्या, लेयरमध्ये टाकली. इथे एक सावधगिरी हवी: लेयर न समजणारा जुना ब्राउझर तो भाग पूर्ण सोडून देतो, त्यामुळे साइट कोण कशावर पाहतं हे आधी तपासा.

तरीही बटण जुन्याच रंगात! 'इम्पॉर्टंट' असलेल्या नियमांना लेयरचा क्रम उलटा लागतो. खालच्या लेयरमधलं 'इम्पॉर्टंट' वरच्या सगळ्यांना हरवतं, मोकळ्या नियमांतल्या 'इम्पॉर्टंट'लाही. म्हणजे जुनी फाइल तळाला ढकलून मी तिच्या दोनशे आज्ञा आणखी बळकट केल्या होत्या. आधी हे विचित्र वाटलं, पण त्यामागचा विचार मला फार आवडला. वाचणाऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी ब्राउझरमध्ये 'इम्पॉर्टंट'सह मोठा फाँट ठरवला असेल, तर तो साइट लिहिणाऱ्यालाही मोडता येत नाही. तेच तत्त्व इथे लेयरना लावलंय. खालच्या थराला आपली अत्यावश्यक गोष्ट राखता यावी, म्हणून.

मग एकेक 'इम्पॉर्टंट' काढत गेले. प्रत्येक वेळी ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये कुठला नियम जिंकतोय ते पाहायचं, पानं तपासायची, पुढे जायचं. बहुतेक ठिकाणी काहीच बिघडलं नाही. रीसेटचे सिलेक्टर ':व्हेअर'मध्ये गुंडाळले, त्यांचं वजन शून्य झालं.

ओघात कार्डांसाठी कंटेनर क्वेरीही (आवरणाच्या रुंदीनुसार रूप बदलणारे नियम) आणल्या. मीडिया क्वेरी स्क्रीनची रुंदी विचारते, माझ्या कार्डाला मात्र साइडबारची हवी होती. घटक स्वतःच्याच रुंदीवरून स्वतःचं रूप बदलू शकत नाही, म्हणून बाहेर एक आवरण द्यावं लागतं. बाकी अडचण आली नाही.

बटणाचा रंग शेवटी एका ओळीत बदलला. 'इम्पॉर्टंट' आता तीनच ठिकाणी आहे, घटक लपवणाऱ्या क्लासमध्ये, आणि तो क्लास मी मुद्दाम सर्वांत खालच्या लेयरमध्ये ठेवलाय.