तुम्ही विचारलंत म्हणून: पाडलं कोणी, पाहिलं कोणी

२६ जानेवारीला कोटावर पदकं लावून झेंडावंदनाला गेलो की हमखास कोणीतरी जवळ येतं. आधी माझ्या छातीकडे बघतं, मग हळूच विचारतं, "काका, किती विमानं पाडलीत?"

एकही नाही. माझं एक पदक नऊ वर्षं नोकरी केल्याचं आहे आणि दुसरं वीस वर्षं केल्याचं. हवाई दलात मी फोटोग्राफर होतो. विमानात बसणारे वेगळे, मी त्यांच्या फिल्मा धुणारा. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो, पण प्रश्न काही त्याला सोडत नाही. "बरं, मग ज्यानं पाडलं त्याला तरी पदक मिळतंच ना? एक विमान, एक वीरचक्र?"

हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय, की एकदा सविस्तर उत्तर लिहून टाकावं म्हटलं. तुम्ही विचारलंत म्हणून.

आधी माझ्या कामाचं सांगतो, कारण उत्तर तिथूनच सुरू होतं. लढाऊ विमानाच्या तोंडाशी एक छोटा कॅमेरा असायचा, गन कॅमेरा. वैमानिकानं तोफेचा घोडा दाबला की तो चालू होणार, सोडला की बंद. सरावाच्या लढतीत गोळे नसत, फक्त कॅमेरा चाले. विमान उतरलं की आम्ही फिल्म काढून अंधाऱ्या खोलीत पळायचो, कारण वरून निरोप आलेलाच असे: लवकर आणा.

तोवर तिकडे वैमानिकांचं हाताचं नाटक सुरू झालेलं असे. एक पंजा म्हणजे तो, दुसरा पंजा म्हणजे मी. तो असा वळला, मी असा आत शिरलो. जगातला कुठलाही लढाऊ वैमानिक हात बांधून लढत सांगू शकत नाही. एकदा एक कोवळा फ्लाइंग ऑफिसर असाच आनंदानं फुललेला होता. हंटर विमानातून उतरला तोच सांगत, पूर्ण तीन सेकंद मी त्याला धरून ठेवला होता! फिल्म लावली. आभाळ, आभाळ, आभाळ. एका कोपऱ्यात दोन-तीन चौकटींपुरतं कुणाच्या तरी पंखाचं टोक. खोलीत कोणी हसलं नाही. त्यानं फक्त पुन्हा एकदा लावायला सांगितली. पुन्हाही आभाळच.

तो खोटं बोलत नव्हता, हे मी तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघून सांगितलं असतं. गरगर वळताना शरीराचं वजन पाचपट-सहापट होतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि त्या अवस्थेत मनानं जे पाहिलं ते डोळ्यांनी पाहिलं असं वाटतं. सरावात ही गत, तर खऱ्या लढाईत काय होत असेल? १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिशांनी जाहीर केलं की आज आम्ही १८५ जर्मन विमानं पाडली. युद्धानंतर जर्मन कागद उघडले तेव्हा आकडा साठच्या आसपास निघाला. एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या, तिघांनी ते पडताना पाहिलं, तिघांनी मोजलं. कोणीच लबाड नव्हता.

म्हणून पदकाचा पहिला प्रश्न "पाडलं का?" हा नसतो. "पाहिलं कोणी?" हा असतो. पायदळात शौर्याला आजूबाजूला माणसं असतात. खंदकातला शेजारी सांगतो, सुभेदार सांगतो. लढाऊ विमानात एकच खुर्ची. शेजारी म्हणजे फार तर दोनशे-तीनशे मीटरवरचा जोडीदार, आणि तोही त्याच वेळी स्वतःचा जीव वाचवत असतो.

कागदपत्रांची वाट तशी साधी आहे: स्क्वाड्रनचा प्रमुख शिफारस लिहितो, ती वर वर चढत जाते, शेवटी राष्ट्रपतींच्या मंजुरीनं राजपत्रात छापून येते. युद्धातल्या तीन चक्रांची स्थापना २६ जानेवारी १९५० ची, पण लागू १५ ऑगस्ट १९४७ पासून. लोकांना एका गोष्टीचं नेहमी आश्चर्य वाटतं. सगळ्यात मोठं परमवीर चक्र काशाचं आहे, आणि त्याखालची महावीर आणि वीर ही दोन्ही चक्रं चांदीची! खेळाच्या स्पर्धांची सवय असलेल्या मुलांना हे उलटं वाटतं. परमवीरची फीतही साधी जांभळी, एकाच रंगाची. महावीरची अर्धी पांढरी अर्धी केशरी, वीरची अर्धी गडद निळी अर्धी केशरी. परमवीर चक्रावर इंद्राच्या वज्राच्या चार आकृत्या आहेत. ही कल्पना सावित्रीबाई खानोलकरांची. जन्मानं स्वित्झर्लंडच्या, लग्नानंतर खानोलकर झालेल्या, आणि मराठी-संस्कृत मनापासून शिकलेल्या. पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मांना मरणोत्तर मिळालं, ते सावित्रीबाईंच्या जावयाचे सख्खे भाऊ. हे मी विषय सोडून सांगतोय, पण दरवेळी सांगतोच.

तर साक्षीदार.

३ सप्टेंबर १९६५, छांबचा भाग. आपली नॅट विमानं पाकिस्तानी सेबरना भिडली आणि स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांनी एका सेबरवर तोफा डागल्या. ते जळत खाली जाताना दिसलं, असं आपल्याकडे नोंदलं गेलं. कीलरना वीरचक्र मिळालं, आपल्या हवाई दलानं हवाई लढतीत पाडलेलं पहिलं विमान म्हणून ते मोजलं गेलं. आता सीमेपलीकडची बाजू. त्या सेबरचे वैमानिक युसूफ अली खान यांनी चाळण झालेलं ते विमान कसंबसं तळावर नेऊन उतरवलं, आणि त्याबद्दल त्यांना सितारा-ए-जुरत मिळाला. एकच लढत, एकच विमान, दोन देशांची दोन पदकं. शाळेत हे सांगितलं की कोणीतरी ओरडतं, "म्हणजे आपलं खोटं?" मला तसं वाटत नाही. कीलर सेबरच्या मागे गेले, नेम धरला, गोळे लागले. यातलं काहीच खोटं नाही. युसूफ अलींनी तसलं विमान उतरवलं, हेही खोटं नाही. माझ्या मते दोन्ही पदकं कमावलेली आहेत. पण हे मत मी सभेत हळू आवाजात सांगतो.

बोयऱ्याच्या लढतीत असला घोळच उरला नाही. २२ नोव्हेंबर १९७१, दमदमहून चार नॅट उडाली, पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर सेबरना गाठलं आणि काही मिनिटांत सगळं आटोपलं. दोन पाकिस्तानी वैमानिक छत्रीनं उतरले ते थेट आपल्या सैनिकांच्या हातात. याहून मोठा पुरावा कुठला? मॅसी, गणपती आणि लाझारस, तिघांना वीरचक्र. चार नॅट गेली होती, हे ध्यानात ठेवा. लढाईत कोणाला तरी दुसऱ्याची शेपूट सांभाळावी लागते, आणि शेपूट सांभाळणाऱ्याच्या तोफेसमोर बहुधा कोणी येत नाही. पकडलेल्या दोघांपैकी एक, परवेझ मेहदी कुरेशी, पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. तेव्हा लाझारस यांनी त्यांना अभिनंदनाचं पत्र धाडलं, आणि त्याला उत्तरही आलं.

निर्मलजीत सिंग सेखों यांची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, म्हणून थोडक्यात. १४ डिसेंबर १९७१, श्रीनगर. सहा सेबर विमानतळावर बॉम्ब टाकत असताना सेखों यांचं नॅट त्याच धावपट्टीवरून उडालं आणि एकटं सगळ्यांना भिडलं. जोडीदार घुम्मन आधी उडाले होते, पण दोघांची चुकामूक झाली. म्हणजे हवेतून पाहणारं आपलं कोणी नव्हतं. मात्र ही लढत झाली तळाच्या डोक्यावर, आणि सेखों रेडिओवर बोलत होते: मी दोघांच्या मागे आहे, यांना सोडणार नाही. शेवटी गोळे लागल्याचं सांगून त्यांनी घुम्मनना बोलावलं, आणि आवाज थांबला. खालची माणसं बघत होती आणि ऐकतही होती. हवाई दलाचं आजवरचं एकमेव परमवीर चक्र ते. पुढे त्यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या पाकिस्तानी वैमानिकानंही त्यांच्या लढण्याचं कौतुक लिहिलं.

योगायोग बघा, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या फायटर कमांडला, म्हणजे लढाऊ विमानांच्या दलाला, व्हिक्टोरिया क्रॉस हे तिथलं सर्वोच्च शौर्यपदकही एकच मिळालं. ऑगस्ट १९४० मध्ये साउदॅम्प्टनजवळ जेम्स निकोलसनच्या हरिकेन विमानाला आग लागली. उडी मारायची, तर समोर जर्मन विमान दिसलं म्हणून हा जळत्या खुर्चीत पुन्हा बसला आणि त्याच्यावर गोळ्या झाडून मगच बाहेर पडला. हे जमिनीवरून लोकांनी पाहिलं. त्याच जमिनीवरून होमगार्डवाल्यानं त्याला जर्मन समजून बार काढला आणि तो नेमका बिचाऱ्याच्या पार्श्वभागाला लागला. साक्षीदार असे असतात. काही बघतात नीट, पण समजतात भलतंच.

अलीकडचं एक उदाहरण मला फार आवडतं. २७ फेब्रुवारी २०१९ च्या हवाई चकमकीनंतर अभिनंदन वर्धमान यांना वीरचक्र मिळालं. त्यांनी एफ-१६ पाडलं असं आपण म्हणतो, पाकिस्तान नाकारतो. पण त्याच दिवसासाठी स्क्वाड्रन लीडर मिंटी अगरवाल यांना युद्ध सेवा पदक मिळालं, आणि त्या जमिनीवर रडारच्या पडद्यापुढे बसून वैमानिकांना दिशा देत होत्या. पडद्यावर बघणाऱ्यालाही पदक! आमच्या अंधाऱ्या खोलीच्या वतीनं मला तेव्हा बरं वाटलं.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते.

गन कॅमेऱ्याची एक खोड असते. वैमानिक परत आला तरच फिल्म परत येते.

७ सप्टेंबर १९६५ ची पहाट. आदमपूरहून एक नंबर स्क्वाड्रनची मिस्टेअर विमानं पाकिस्तानच्या सरगोधा तळावर हल्ल्याला निघाली. नेतृत्व विंग कमांडर ओ. पी. तनेजांचं. कोडगूचे स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या राखीव होते. कोणाचं विमान मागे राहिलं तरच त्यांनी जायचं. कोणाचं तरी राहिलं, देवय्या उडाले आणि पुढच्यांना गाठायला निघाले. बाकीचे हल्ला करून परतले. देवय्या आले नाहीत. सगळ्यात मागे असल्यामुळे त्यांच्याबरोबर काय झालं ते कोणी पाहिलंच नव्हतं. रेडिओवर काही नाही, फिल्म नाही, विमान नाही. शिफारस लिहायला बसलं तरी लिहिणार काय? "परत आले नाहीत" हे काही शौर्याचं वर्णन होत नाही.

वर्षं गेली. १९७९ मध्ये जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाचं पुस्तक आलं. पाकिस्तानी हवाई दलाची कागदपत्रं पाहून त्यानं ते लिहिलं होतं. त्यात त्या सकाळची हकीकत होती. पाकिस्तानचं स्टारफायटर, आवाजाच्या दुप्पट वेगाचं, त्या काळातलं सर्वांत दिमाखाचं विमान. त्याचे वैमानिक अमजद हुसेन यांनी एका भारतीय मिस्टेअरला गोळे मारले आणि ते संपलं असं समजून ते दुसरीकडे वळले. पण ते मिस्टेअर पडलंच नाही. घायाळ अवस्थेत ते उलटं फिरलं, कितीतरी पट वेगवान स्टारफायटरशी झुंजलं, आणि ते पाडलं. अमजद हुसेन छत्रीनं वाचले. मिस्टेअर मात्र तिथेच कोसळलं.

आपल्याकडे कागद पुन्हा बाहेर निघाले. वेळ, जागा, विमानाचा प्रकार जुळवत गेल्यावर ते मिस्टेअर देवय्यांचंच, याबद्दल शंका उरली नाही. तनेजांनीही पाठपुरावा केला. १९८८ मध्ये, म्हणजे २३ वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

ज्याला त्यांनी पाडलं तो जिवंत राहिला आणि त्याच्या बाजूची हकीकत कोणीतरी लिहून ठेवली, म्हणून हे कळलं. देवय्यांचा नेम आणखी हातभर बरोबर लागला असता आणि अमजद हुसेन विमानातच गेले असते, तर त्या सकाळचा एकही साक्षीदार उरला नसता. मी हे सांगतो तेव्हा सभेत थोडा वेळ कोणी बोलत नाही, आणि मग मागच्या रांगेतून प्रश्न येतोच: "मग अशी आणखी किती असतील, ज्यांचं कोणीच पाहिलं नाही?" मोजणार कशी, असं म्हणून मी पाणी पितो.

तर "एक विमान, एक पदक" असा हिशेब नाही. काहींनी पाडलं आणि पदक मिळालं, काहींनी पाडलं आणि २३ वर्षं कोणाला पत्ता नव्हता, आणि ज्या एकाचं पडलं असं वाटलं तो घरी पोचून स्वतःच पदक घेऊन बसला. माझ्या कोटावरच्या दोन पदकांना मात्र कोणी साक्षीदार लागला नाही. हजेरीपट पुरला.